जिराफकाकूंची मापे

मुलांनो, डोळे मिटू नका, नाहीतर पुढचे वाचता येणार नाही. उघड्या डोळ्यांनीच एक खोली समोर आणा. खोलीच्या मधोमध एक लांब टेबल आहे. टेबलाच्या एका टोकाला शिवणयंत्र, दुसऱ्या टोकाला घरातला संगणक, आणि मधल्या जागेत लाल कापडाचे कापलेले तुकडे: चौदा पाठी, अठ्ठावीस बाह्या, अठ्ठावीस खिसे. आता त्या टेबलाखाली नऊ वर्षांची एक मुलगी बसवा. ती खाली पडलेल्या टाचण्या लोहचुंबकाने गोळा करते आहे, आणि वर बसलेल्या आईला विचारते आहे की बाह्या खांद्यालाच का लावतात, खिशाला का नाही.

ही मुलगी दिवसभरात इतके प्रश्न विचारी, की तिच्या बाबांनी तिचे नाव 'चौकशी' ठेवले होते. स्टेशनवर चौकशीची खिडकी असते ना, तशी. फरक एवढाच, की त्या खिडकीतून उत्तरे मिळतात आणि या खिडकीतून नुसते प्रश्न बाहेर येत.

आई कपडे शिवायची. तिच्याकडे मापांची एक वही होती आणि वहीत प्रत्येक गिऱ्हाइकापुढे दोन रकाने. पहिल्याच्या डोक्यावर लिहिले होते 'खरे' आणि दुसऱ्याच्या डोक्यावर 'सांगायचे'. बँडमास्तरांच्या कमरेपुढे पहिल्या रकान्यात चव्वेचाळीस होते, दुसऱ्यात अडतीस. माप देताना मास्तर पोट आत ओढून छताकडे बघत आणि दबक्या आवाजात विचारत, किती. आई म्हणे, अडतीस. मास्तर सुटकेचा श्वास टाकत. मग आई चव्वेचाळीसची पँट शिवे, ती मास्तरांना झकास बसे, आणि मास्तर चारचौघांत सांगत की अडतीसची पँट शिवावी तर ताईंनीच, बाकी सगळे कापडाचे शत्रू.

हे खोटे बोलणे नाही का, असे चौकशीने एकदा विचारले होते. आईने दोरा दाताने तोडला आणि म्हणाली, "कात्रीला खरं सांगायचं आणि माणसाला झेपेल तेवढं. आणि वही कुणाला दाखवायची नाही, म्हणजे नाही. माणूस आपल्यासमोर हात वर करून उभा राहतो, तो भरवशावर."

गेल्या वर्षी त्या वहीवर चहा सांडला. तेव्हा बाबांनी वही पंख्याखाली वाळवली आणि सगळी मापे दोन्ही रकान्यांसकट आणि फोन नंबरांसकट संगणकात उतरवून ठेवली. आता काही सांडले तरी भीती नाही, असे ते म्हणाले. संगणकातूनही सांडते, आणि सांडलेले पुसायला तिथे फडके चालत नाही, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आले नाही.

बाबा लोकांना गाडी चालवायला शिकवत. शिकणारा कितीही घाईत असो, बाबा त्याच्याकडून गाडी सुरू करण्याआधी एक वाक्य तीनदा म्हणून घेत: पाटी वाचल्याशिवाय पुढे जायचे नाही. हे वाक्य लक्षात ठेवा. बाबांच्या मात्र ते एका रविवारी दुपारी लक्षात राहिले नाही.

झाले असे, की चौकशीच्या शाळेत नाटक झाले आणि त्यात चौकशी झाड झाली होती. बावीस मिनिटे हात वर करून उभे राहायचे, आणि सतराव्या मिनिटाला वारा सुटला की एकदाच 'सळसळ' म्हणायचे. एवढेच काम, पण तिने ते असे केले की एका लहान मुलाने नाटक संपल्यावर येऊन तिला हात लावून बघितले. बाबांनी सबंध नाटकाचे चित्रीकरण केले. ते दूर राहणाऱ्या आत्याला पाठवायचे होते, कारण या भाचीला पहिल्यांदा उभे राहायला शिकवले होते ते आत्यानेच. पण फाईल इतकी जड, की कशातूनच जाईना. तेव्हा बाबांना कुणीतरी 'सुसाट' नावाचे सॉफ्टवेअर सुचवले. कितीही मोठी फाईल, कुठेही, आणि फुकट.

बाबा त्या वेळी गाडीला लावायची 'शिकाऊ' अशी पाटी रंगवत होते. दोन्ही हात कोपरापर्यंत लाल. म्हणून संगणकापुढे चौकशी बसली. 'सुसाट'ने मोठ्या अदबीने विचारले, आपला अनुभव अधिक चांगला व्हावा म्हणून आवश्यक ती माहिती वापरू ना? खाली एक चौकोन होता आणि त्यात एकेचाळीस पानांचा बारीक मजकूर.

"मान्य म्हण," बाबा ब्रश हलवत म्हणाले.

पुन्हा विचारले. बाबा पुन्हा म्हणाले, मान्य. असे नऊ वेळा झाले. नवव्यांदा तर बाबांनी पाटीवरची मान वरसुद्धा केली नाही. आणि नवल असे, की दिवसाला शंभर प्रश्न विचारणाऱ्या चौकशीने त्या दुपारी एकही विचारला नाही. तिला झाड लवकरात लवकर आत्याकडे पोचायला हवे होते. स्वतःचे झाड पाठवायचे असले की कोण मुळाशी जाते?

झाड काही पोचले नाही. अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर जाऊन अडकले ते अडकलेच.

मुलांनो, 'सुसाट'चे काम कसे चालायचे ते सोपे करून सांगतो. समजा, एक माणूस दारात आला आणि म्हणाला, तुमचा डबा मी आत्याकडे फुकट पोचवतो, फक्त घराची किल्ली द्या. तुम्ही दिली. तो आत गेला, डबा बाजूला ठेवला, कपाटे उघडली, सगळ्यांची नावे-पत्ते आणि वह्या उतरवून घेतल्या, आणि जाताना कपाटे इतकी नीट बंद केली की तुम्हाला पत्ताच लागला नाही. मग ते सगळे त्याने अशा लोकांना दिले, ज्यांना काहीबाही विकायचे असते. डबा ओट्यावर तसाच राहिला.

बुधवारी बँडमास्तर आले. नेहमी ते जिन्यापासूनच शीळ घालत येत. त्या दिवशी शीळ नव्हती. त्यांनी खिशातून फोन काढला आणि हात लांब करून आईपुढे धरला. फोनवर लिहिले होते: 'चव्वेचाळीस इंची कंबर लपवून दमलात? आमचा पोटपट्टा वापरा, खास आपल्या मापाचा.'

"ताई," मास्तर म्हणाले, "तुम्ही मला अडतीस सांगितलं होतं."

आईच्या हातातली कात्री हवेतच थांबली. मास्तरांचे खरे माप जगात दोनच ठिकाणी होते, एक मास्तरांवर आणि एक तिच्याकडे. मास्तर फार बोलले नाहीत. हा निरोप सोमवारी सकाळी बँडच्या तालमीत आला, ढोलवाला शेजारीच होता, आणि आता सगळा बँड आपल्याकडे बघून गाल फुगवतो, एवढे त्यांनी सांगितले. शनिवारी दुपारी येऊन बँडच्या चौदा कोटांचे लाल कापड परत घेऊन जाणार असेही सांगितले. ते कापलेले आहे, असे आई म्हणाली. मग तुकडे द्या, मास्तर म्हणाले, आणि जिना उतरून गेले.

चौदा कोटांचे तुकडे. प्रत्येक तुकडा एका माणसाच्या खऱ्या मापाचा. दुसऱ्या कुणाच्या अंगाला ते लागणार नव्हते, आणि ज्या बाईकडून मापे फुटतात तिच्यासमोर पुन्हा हात वर करून कोण उभे राहणार? आई बराच वेळ यंत्राचे चाक नुसतेच फिरवत राहिली. वही घरातली तिघेच बघत. मग तिने टेबलाखाली वाकून बघितले.

"तू कुणाला काही बोललीस का गं?"

"नाही," चौकशी म्हणाली. ते अगदी खरे होते. पण आईने विचारताना तिच्याकडे एक क्षण जास्त बघितले, आणि तो क्षण चौकशीला टाचणीसारखा टोचला. त्या संध्याकाळी तिने एकही प्रश्न विचारला नाही. बाबांनी तिच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

गुरुवारी शाळा सुटल्यावर ती नेहमीप्रमाणे बाबांच्या शिकवणीच्या गाडीत मागे बसली. पुढे दातांच्या डॉक्टरीणबाई शिकत होत्या. त्या आईकडेच कपडे शिवत. एरवी त्या गाडी चालवताना चौकशीचे किडलेले दात मोजत, आरशातूनच. आज मात्र त्यांचे तोंड मिटलेले होते. दुसऱ्या चौकात त्यांनी गाडी थांबवली, आणि समोरच्या काचेकडे बघत सांगितले की त्यांना एक निरोप आला आहे. डावा खांदा उजव्यापेक्षा सव्वा इंच खाली असल्यास उपाय सुचवणारा. वीस वर्षे लोकांच्या तोंडावर वाकून वाकून आपला खांदा उतरला, हे त्यांना ठाऊक होते. तो सव्वा इंच आहे हे मात्र त्यांना त्या निरोपातून कळले.

बाबांनी रस्त्याकडेच्या खांबाकडे बोट केले. ते म्हणाले, "पाटी बघा, इथे थांबायला मनाई आहे."

मागून चौकशीने विचारले, "काकू, तुम्हाला तो निरोप कधी आला?"

"सोमवारी सकाळी. का गं?"

बँडमास्तरांनाही सोमवारी सकाळी. चौकशीने बोटावर मोजले. सोमवारच्या आधी रविवार येतो. रविवारी तिने नऊ वेळा एक बटण दाबले होते. आई म्हणाली होती, कुणाला बोललीस का. बोलली नव्हती. पण एकेचाळीस पाने न वाचता 'मान्य' म्हणणे हेही एक बोलणेच असते, असे तिला आता वाटू लागले.

तुम्ही असता तर काय केले असते? रडत आईकडे गेला असता? तेही चुकीचे नव्हते. पण चौकशीला आधी खात्री हवी होती. नुसत्या संशयाने कुणाकडे बघितले की काय होते, हे तिने कालच अनुभवले होते. म्हणून तिने 'सुसाट'वरही पुराव्याशिवाय आळ घ्यायचा नाही असे ठरवले.

संध्याकाळी आई कुणाचे तरी माप घ्यायला गेली, तेव्हा चौकशीने संगणकातली मापांची फाईल उघडली आणि सगळ्यात खाली एका नव्या गिऱ्हाइकाची भर घातली. नाव: जिराफकाकू. गळा: बत्तीस इंच. हात: चार. बसायला त्रास, शेपटीसाठी भोक ठेवणे. फोन नंबराच्या जागी तिने बाबांच्या गाडीतल्या जुन्या फोनचा नंबर लिहिला. तो नंबर फक्त शिकाऊ लोकांकडे असे, आणि त्यांच्यापैकी कुणाला शेपूट नव्हती. या काकूंविषयी तिने कुणापुढे अवाक्षर काढले नाही. आता काकूंना निरोप आलाच, तर तो पाठवणारा त्या फाईलमधूनच नाव वाचून आलेला असणार.

शुक्रवारी दुपारी डॉक्टरीणबाई गाडी चढावर नेत होत्या. चढ हा सगळ्यात अवघड धडा. अर्ध्यावर थांबायचे, आणि मागे न घसरता पुन्हा निघायचे. बाबांचा पाय त्यांच्या बाजूच्या ब्रेकवर तयार होता. नेमका त्याच वेळी गाडीतला जुना फोन वाजला. चालवताना फोन वाचायचा नाही, म्हणून बाबांनी त्याला निरोप मोठ्याने बोलून दाखवायची सवय लावली होती. फोन गंभीर आवाजात बोलू लागला.

"आदरणीय जिराफकाकू. शेपटीमुळे बसताना अवघडल्यासारखं होतं का? आमची मधोमध भोक असलेली उशी आजच मागवा. सोबत आपल्या चारही हातांसाठी मोजे."

डॉक्टरीणबाईंचे दोन्ही पाय एकदम वर आले. गाडी मागे घसरली. बाबांनी ब्रेक दाबला. मागच्या आसनावरून चौकशी म्हणाली, "आला."

मग तिने सगळे सांगितले. चढावर, मध्येच, हँडब्रेक ओढलेल्या गाडीत. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या, पण आत कुणाला ऐकू येत नव्हते. बाबा ऐकता ऐकता हळूहळू आसनात खाली सरकत गेले. शेवटी डॉक्टरीणबाईंनी विचारले, नऊही वेळा वाचलं नाही? बाबांनी मान हलवली. बाई म्हणाल्या, "सर, मला ते वाक्य तीनदा म्हणून दाखवा बरं." बाबांनी म्हणून दाखवले. त्यानंतर बाईंनी गाडी चढावर अशी उचलली की एक इंच मागे गेली नाही.

आईला सांगणे मात्र त्या चढापेक्षा अवघड होते. चौकशी टेबलासमोर उभी राहिली. लाल तुकडे घड्या घालून दोरीने बांधलेले होते. बटण मी दाबलं, ती म्हणाली. बाबा पुढे झाले आणि म्हणाले, बोट तिचं होतं, 'मान्य म्हण' म्हणणारं तोंड माझं होतं. मग दोघांनी मिळून जिराफकाकूंचा निरोप वाचून दाखवला. शेपटीपाशी आईचा ओठ जरासा हलला, पण तिने तो आवरला.

"मी बुधवारी विचारलं, तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तेव्हा मलाच माहीत नव्हतं. आणि तू विचारलंस, कुणाला बोललीस का. घरात काय नवीन आलं, असं नाही विचारलंस."

आई टेबलाला वळसा घालून तिच्याजवळ आली. "बरोबर आहे तुझं," ती म्हणाली. "मी घाईनं विचारलं. आणि तुझ्याकडे बघितलंही तसंच. चुकलं माझं."

बाबांनी 'सुसाट' काढून टाकायला घेतले. जाताना त्याने नऊ वेळा विचारले, खरेच जाऊ का. या वेळी बाबांनी प्रत्येक प्रश्न मोठ्याने वाचला, बोट ठेवून. पण मुलांनो, खोटी आशा दाखवत नाही. गेलेली माहिती शीळ घालून परत बोलावता येत नाही. जिराफकाकूंना अजून निरोप येतात. गेल्या महिन्यात त्यांना चष्मा सुचवला होता. जे परत येत नाही, त्याबद्दल निदान ज्याचे गेले त्याला जाऊन सांगायचे असते. आईने तेच ठरवले. आणि पहिले घर बँडमास्तरांचे.

शनिवारी सकाळी तिघे त्यांच्या दारात उभे राहिले. आईच्या हातात लाल गठ्ठा होता. मास्तरांनी दार उघडले. ते जरा ताठ वाटत होते. आईने काही लपवले नाही. सॉफ्टवेअर, एकेचाळीस पाने, नऊ वेळा मान्य, दोन रकाने, सगळे सांगितले आणि गठ्ठा पुढे केला. चौकशीने मान खाली घातली.

मास्तरांनी गठ्ठा घेतला नाही. त्यांनी आधी जिन्यात कुणी नाही याची खात्री केली, मग सदऱ्याचे खालचे बटण काढून आत दाखवले. आत तो पोटपट्टा होता.

"मागवला," ते खालच्या आवाजात म्हणाले. "रागारागानं मागवला, खोटं ठरवायला. आणि ताई, बसला हो. दहा वर्षं दुकानातून अडतीसचं सामान आणतोय, एक धड बसत नाही. मला वाटायचं, हल्लीच्या कारखान्यांना मापच कळत नाही. दोन दुकानदारांशी बोलणं टाकलंय मी."

मास्तरांनी बटण लावले. मग त्यांनी विचारले की त्यांचा कोट किती मापाचा कापला आहे. कात्रीला खरेच सांगितले आहे, आई म्हणाली. मास्तरांनी गठ्ठ्यावरून एकदा हात फिरवला.

"शिवा मग. सगळ्यांचेच शिवा. बँडला मी सांगतो काय झालं ते. ढोलवाल्याला तर गुडघेदुखीचे निरोप येतायत, तो कुठे बोलतोय." एवढे बोलून ते घुटमळले. "फक्त एक करा ताई. मला आपलं अडतीसच सांगत जा."

घरी आल्यावर आईने मापे पुन्हा जाड कागदी वहीत उतरवली आणि संगणकातली फाईल पुसून टाकली. बाबांनी वहीपासून दोन हातांवर खडूने रेघ ओढली. चहा या रेघेपलीकडे आणायचा नाही. दुपारी आत्याचा फोन आला. साधाच फोन, त्यात नुसते ऐकू येते. अगं, माझं झाड कुठे राहिलं, आत्याने विचारले. बाबा घाईघाईने म्हणाले, दुसरं एक सॉफ्टवेअर आहे म्हणतात, एकदम सुरक्षित. आईने चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितले. बाबा म्हणाले, म्हणजे आधी वाचू आपण.

चौकशीने बाबांच्या हातातून फोन घेतला. "आत्या, नीट ऐक हं, पडदा उघडला," असे म्हणून तिने फोन शिवणयंत्रावर टेकवून ठेवला. मग ती टेबलासमोर जाऊन उभी राहिली, दोन्ही हात वर केले, बोटे पसरली, आणि स्तब्ध झाली.

अगं, तिला दिसत नाहीये, बाबा कुजबुजले. पण झाडाला मान वळवता येत नाही. पाच मिनिटे झाली. दहा झाली. फोनच्या पलीकडे आत्या श्वास रोखून ऐकत होती. सतराव्या मिनिटाला आईने हळूच उठून पंखा लावला. टेबलावरची लाल कापडे हलली. आणि चौकशीने, हात तसेच वर ठेवून, एकदाच म्हटले, "सळसळ."